डॉर्टची धर्मसभा आणि अखेरपर्यंत टिकणारा विश्वास

ख्रिस्ती धर्मविचारात तारण कसे मिळते या प्रश्नाइतकाच जुना असा आणखी एक प्रश्न आहे. ज्याने एकदा खऱ्या अर्थाने विश्वास ठेवला तो मरेपर्यंत त्या विश्वासात टिकून राहील याची हमी कोणाची, त्या माणसाची स्वतःची की ज्याच्यावर त्याने विश्वास ठेवला त्या देवाची, असा हा प्रश्न आहे, आणि नव्या करारात त्याच्या दोन्ही बाजूंना आधार सापडतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या मेंढरांना कोणीही आपल्यापासून ओढून नेऊ शकणार नाही असे आश्वासन देतो आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल तोच भरवसा मोठ्या ठामपणे मांडतो. उलट इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात, कृपेचा अनुभव घेऊन मागे फिरणाऱ्यांना परतीचा मार्ग उरत नाही असा अतिशय कडक इशारा आहे.

आश्वासने आणि इशारे यांचा मेळ घालण्याचा जो एक मोठा प्रयत्न प्रॉटेस्टंट परंपरेत झाला, त्याला 'पवित्र जनांचे टिकून राहणे' असे नाव आहे. येथे 'पवित्र जन' म्हणजे चर्चने संतपद दिलेल्या व्यक्ती नव्हेत, तर सर्व खरे विश्वासणारे. देवाने ज्यांना निवडले आणि आपल्या आत्म्याने नवा जन्म दिला ते पापात पडू शकतात, पण कृपेपासून कायमचे आणि पूर्णपणे तुटू शकत नाहीत, कारण त्यांना टिकवून धरण्याचे काम देव स्वतः करतो, असे हा सिद्धांत सांगतो. मराठी वाचकाला येथे श्रीवैष्णव परंपरेतील मार्जारन्याय आणि मर्कटन्याय यांचा वाद आठवेल: मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते, तर माकडाचे पिल्लू स्वतः आईला घट्ट धरून राहते, आणि जीव व ईश्वर यांच्यात कोणी कोणाला धरले आहे, असा तो वाद होता. युरोपात याच स्वरूपाच्या प्रश्नावर १६१८-१९ साली नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्ट, म्हणजेच डॉर्ट, या शहरात एक आंतरराष्ट्रीय धर्मसभा भरली. तिने दिलेले उत्तर दुबळ्या माणसाला धीर देणारे होते, परंतु ते अमलात आणण्यासाठी वापरलेले बळ त्या उत्तराशी विसंगत होते, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज त्या प्रसंगाचे खरे मोल करता येत नाही.

प्रश्नाची पूर्वपीठिका

या विचाराची पहिली सविस्तर मांडणी उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन याने आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत केली. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाची आज्ञा पाळू शकतो असे मानणाऱ्या पेलागियसशी त्याचा दीर्घकाळ वाद चालला होता, आणि त्या वादात ऑगस्टीनने कृपेवर जो भर दिला त्यातून नवीच शंका निघाली. सर्व काही देवाच्या कृपेनेच होत असेल तर चुकणाऱ्या बंधूला दोष देण्यात किंवा बोध करण्यात अर्थ काय, असा प्रश्न हाद्रुमेटम येथील मठातून विचारला गेला. ऑगस्टीनने उत्तर दिले की आदामाला त्याने इच्छिले असते तर टिकता येईल एवढी कृपा मिळाली होती, पण ख्रिस्तामध्ये निवडलेल्यांना त्याहून मोठी, त्यांच्या इच्छेलाच बळ देऊन प्रत्यक्ष टिकवणारी कृपा मिळते. आणि बोध हे त्या कृपेचेच एक साधन आहे. पुढे दक्षिण गॉलमधील संन्याशांनी घेतलेले आक्षेप प्रॉस्पर आणि हिलरी यांनी त्याला पत्रांतून कळवले, तेव्हा ४२८-२९ च्या सुमारास त्याने टिकून राहण्याच्या दानावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात अखेरपर्यंत टिकणे हे सर्वस्वी देवाचे दान आहे असे सांगत असतानाच, ते आपल्याला मिळाले आहे की नाही हे या जन्मी कोणालाही खात्रीने कळत नाही, असेही त्याने बजावले.

ऑगस्टीनच्या मांडणीतील हा दुसरा भाग मध्ययुगीन चर्चने जपला. ट्रेंट येथील रोमन कॅथलिक महासभेने १३ जानेवारी १५४७ रोजी आपल्या सहाव्या सत्रात असा निर्णय दिला की नीतिमान ठरलेल्या माणसाला टिकून राहण्यासाठी देवाच्या विशेष साहाय्याची गरज असते, त्या दानाची निःसंशय खात्री विशेष प्रकटीकरणाशिवाय कोणी बाळगू नये, आणि मिळालेली कृपा कोणत्याही प्राणघातक पापाने गमावता येते. प्रॉटेस्टंटांमध्येही एकमत नव्हते. लूथरच्या अनुयायांनी १५३० च्या आउग्सबर्ग कबुलीजबाबात, एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्म्याला गमावू शकत नाही, या मताचा निषेध केला होता. जिनीव्हाच्या जॉन कॅल्विनने मात्र ऑगस्टीनचे दोन धागे एकमेकांपासून सोडवले: टिकून राहणे हे दान आहे हे त्याने स्वीकारले, पण त्याची खात्री मिळत नाही हे नाकारले. आपली निवड झाली आहे का हे माणसाने देवाच्या गूढ संकल्पात डोकावून शोधू नये, तर ख्रिस्ताकडे पाहून ओळखावे, हा त्याच्या १५५९ च्या अंतिम आवृत्तीतील 'ख्रिस्ती धर्मतत्त्वे' या ग्रंथाचा उपदेश होता. त्याच्यानंतर जिनीव्हाच्या अकादमीची धुरा वाहणाऱ्या थिओडोर बेझाने निवडीचा सिद्धांत अधिक काटेकोर आणि तर्ककठोर केला.

लायडेनमधील वाद

कॅल्विनच्या परंपरेतील मंडळ्यांना 'रिफॉर्म्ड' म्हणजे सुधारित मंडळ्या म्हणतात, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची सर्वांत कठीण परीक्षा नेदरलँड्समध्ये झाली. तेथे स्पेनच्या राजाविरुद्धचे बंड आणि धर्मसुधारणा एकमेकांत गुंतलेली होती. तेथील मंडळीचा १५६१ चा कबुलीजबाब लिहिणाऱ्या गुईडो दे ब्रे याला १५६७ मध्ये फाशी झाली, आणि १५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश सैन्याच्या हाती पडल्यावर तेथील प्रॉटेस्टंटांना चार वर्षांच्या मुदतीत धर्म बदला किंवा शहर सोडा असे सांगण्यात आले, तेव्हा हजारो कुटुंबे घरदार सोडून उत्तरेकडील प्रांतांत गेली. अशा समाजात विश्वासात टिकून राहणे ही केवळ पंडितांच्या चर्चेतली बाब नव्हती. कोण छळाला भिऊन फिरला, कोण देशोधडीला लागूनही फिरला नाही, आणि जो टिकला तो कोणाच्या बळावर टिकला, हे प्रश्न घराघरांतले होते.

वादाचे दोन्ही प्रमुख प्रतिनिधी याच युद्धाने घडवलेले होते. याकोबस आर्मिनियसचा जन्म औडेवाटर या गावी झाला. १५७५ मध्ये स्पॅनिश सैन्याने ते गाव जिंकून केलेल्या कत्तलीत त्याची आई आणि भावंडे मारली गेली, आणि शिक्षणासाठी परगावी असलेला तो तेवढा वाचला. लायडेनच्या नव्या विद्यापीठात आणि नंतर जिनीव्हात बेझाच्या हाताखाली शिकून १५८८ मध्ये तो ॲमस्टरडॅमच्या मंडळीचा पाळक झाला, आणि त्या शहरातील प्लेगच्या साथीत आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना धीर देण्याचे काम त्याने केले. फ्रान्सिस्कस गोमारस हा ब्रुग्जचा. त्याच्या कुटुंबाने धर्मासाठी गाव सोडून जर्मनीतील पॅलॅटिनेटमध्ये आश्रय घेतला होता, आणि १५९४ पासून तो लायडेनमध्ये धर्मशास्त्राचा प्राध्यापक होता. १६०२ च्या साथीत लायडेनचा प्राध्यापक फ्रान्सिस्कस युनियस मरण पावल्यावर त्याच्या जागी १६०३ मध्ये आर्मिनियसची नेमणूक झाली, आणि वर्षभरातच दोघांचे मतभेद उघड झाले.

वादाचे मुख्य केंद्र होते पूर्वनियुक्ती, म्हणजे कोणाचे तारण करावे हे देवाने अनादिकाळी ठरवले आहे हा सिद्धांत. गोमारसच्या मते देवाचा हा संकल्प तर्कक्रमाने मानवाच्या निर्मितीच्याही आधीचा होता. आर्मिनियसला यात देव पापाचा कर्ता ठरण्याचा धोका दिसला, म्हणून देवाने ज्यांना निवडले ते विश्वास ठेवतील हे आधी जाणूनच निवडले, अशी मांडणी त्याने केली. त्याच्या विचारामागे पाळकाची कळकळ होती. निष्काळजीपणा आणि निराशा ही धर्मजीवनाची दोन दुखणी आहेत असे तो मानत असे: एकात माणूस आपण तरलोच आहोत म्हणून सैल पडतो, दुसऱ्यात आपण निवडलेलेच नाही म्हणून खचतो, आणि कठोर पूर्वनियुक्तीची शिकवण या दोन्हींना खतपाणी घालते असे त्याला वाटे.

निवड जर पुढे दिसणाऱ्या विश्वासावर अवलंबून असेल, तर तो विश्वास मध्येच सुटण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते. तरीही या एका मुद्द्यावर आर्मिनियस विलक्षण सावध राहिला. ३० ऑक्टोबर १६०८ रोजी हेग येथे हॉलंडच्या प्रांतसभेपुढे आपल्या मतांचे निवेदन करताना त्याने सांगितले की खरा विश्वासणारा पूर्णपणे व कायमचा पतित होऊ शकतो असे आपण कधीही शिकवलेले नाही; मात्र शास्त्रातील काही वचने तसे सुचवतात आणि त्यांना दिली गेलेली उत्तरे आपले पूर्ण समाधान करत नाहीत. त्याच वर्षी एका सुनावणीत गोमारसने म्हटले होते की आर्मिनियसची मते घेऊन देवाच्या न्यायासनासमोर उभे राहण्याचे धाडस आपल्याला होणार नाही. एकाची सावध अनिश्चिती आणि दुसऱ्याची अढळ निश्चिती यांतील अंतर चर्चेने कमी होण्याआधीच, १९ ऑक्टोबर १६०९ रोजी, आर्मिनियस मरण पावला.

पाच कलमे आणि प्रजासत्ताकातील फूट

जानेवारी १६१० मध्ये आर्मिनियसच्या मताच्या चाळीसहून अधिक पाळकांनी एक निवेदन तयार करून हॉलंडच्या प्रांतसभेकडे दाद मागितली. हेगमधील प्रभावी धर्मोपदेशक योहानेस युटेनबोगार्ट हा त्याचा मुख्य लेखक होता. 'रेमॉन्स्ट्रन्स' म्हणजे निषेधाचे निवेदन या नावाने तो लेख ओळखला गेला आणि त्याच्या पाठीराख्यांना रेमॉन्स्ट्रंट हे नाव पडले. त्यात पाच कलमे होती: निवड विश्वासणाऱ्यांची होते, ख्रिस्त सर्वांसाठी मरण पावला, पण त्याचा लाभ विश्वासणाऱ्यांनाच होतो, माणूस नवा जन्म मिळाल्याशिवाय काही चांगले करू शकत नाही, कृपेशिवाय काहीच शक्य नसले तरी माणूस तिला विरोध करू शकतो, आणि पाचवे, विश्वासणाऱ्यांना सैतानावर विजय मिळवण्यास पुरेसे बळ आत्म्याकडून मिळते, परंतु निष्काळजीपणाने ते कृपा गमावू शकतात की नाही, हे निश्चितपणे शिकवण्याआधी शास्त्रातून अधिक बारकाईने तपासले पाहिजे. पाचांपैकी चार कलमांत विधान होते. पाचव्यात मात्र आर्मिनियसचीच अनिश्चिती प्रामाणिकपणे नोंदवलेली होती.

१६११ मध्ये हेग येथे दोन्ही पक्षांच्या प्रत्येकी सहा पाळकांची परिषद झाली. त्यात विरोधकांनी सात कलमांचे प्रतिनिवेदन मांडले आणि टिकून राहण्याची हमी देवाच्या न बदलणाऱ्या संकल्पात असल्याचे आवर्जून सांगितले. पुढच्या काही वर्षांत रेमॉन्स्ट्रंटांनीही आपली अनिश्चिती सोडली, आणि डॉर्टच्या सभेपुढे डिसेंबर १६१८ मध्ये सादर केलेल्या मतांत, खरे विश्वासणारे पतित होऊन नाश पावू शकतात आणि तसे प्रत्यक्ष घडतेही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. आठ वर्षांच्या वादाने दोन्ही बाजूंना टोकाकडे ढकलले होते.

या काळात धर्मवादाला राजकारणाने वेढले. संयुक्त प्रांतांच्या प्रजासत्ताकाने १६०९ मध्ये स्पेनशी बारा वर्षांचा तह केला होता. हॉलंड प्रांताचा ज्येष्ठ मुत्सद्दी योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट हा त्या तहाचा शिल्पकार, तर सेनापती आणि स्टॅडहाउडर, म्हणजे प्रांतांचा मुख्य अंमलदार, असलेला नासाऊचा मॉरिस तहाच्या विरोधात होता. ओल्डनबार्नेफेल्ट आणि त्याचा तरुण सहकारी, कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस, यांचे म्हणणे असे की मंडळीतील वाद मिटवण्याचा आणि परस्परांना सहन करण्याची सक्ती करण्याचा अधिकार प्रांताच्या नागरी सत्तेला आहे, आणि १६१४ मध्ये हॉलंडच्या प्रांतसभेने तसा ठरावही केला. विरोधी पाळकांना, विशेषतः दक्षिणेतून विस्थापित होऊन आलेल्यांना, हा मंडळीच्या स्वातंत्र्यावर घाला वाटला. धर्मतत्त्वाचा निर्णय राष्ट्रीय धर्मसभेतच व्हावा अशी त्यांची मागणी होती. अशा रीतीने कृपेविषयीचा प्रश्न हा तह की युद्ध, प्रांत की केंद्र, या प्रश्नांशी जोडला गेला.

२३ जुलै १६१७ रोजी मॉरिस हेगमधील क्लोस्टरकेर्क या चर्चमध्ये, जे रेमॉन्स्ट्रंटांच्या विरोधकांनी ताब्यात घेतले होते, उपासनेला जाऊन बसला आणि आपली बाजू जाहीर केली. त्यानंतर दोनच आठवड्यांत, ४ ऑगस्ट रोजी, हॉलंडच्या प्रांतसभेने शहरांना स्वतःचे पगारी शिपाई ठेवण्याची मुभा देणारा ठराव केला, ज्याने मॉरिसच्या लष्करी अधिकाराला थेट आव्हान मिळाले. इस्टेट्स जनरल, म्हणजे सात प्रांतांची मध्यवर्ती सभा, हिने चार विरुद्ध तीन अशा मतविभागणीने राष्ट्रीय धर्मसभा बोलावण्याचे ठरवले. १६१८ च्या उन्हाळ्यात मॉरिसने उट्रेख्टमधील पगारी शिपाई बरखास्त केले, आणि २९ ऑगस्ट रोजी ओल्डनबार्नेफेल्ट व ग्रोशियस यांना अटक झाली. धर्मसभा भरण्याआधीच तिचा राजकीय निकाल लागलेला होता.

डॉर्ड्रेख्टची बैठक

१३ नोव्हेंबर १६१८ रोजी सभेला प्रारंभ झाला. लेउवार्डनचा पाळक योहानेस बोगरमन अध्यक्ष होता. नेदरलँड्समधील पाळक, मंडळ्यांचे वडील, पाच धर्मशास्त्राचे प्राध्यापक आणि इस्टेट्स जनरलचे अठरा प्रतिनिधी यांच्याबरोबर ब्रिटन, पॅलॅटिनेट, हेसे, स्वित्झर्लंडची शहरे, जिनीव्हा, ब्रेमेन, एम्डेन आणि नासाऊ येथून आलेले धर्मपंडित बसले होते. फ्रान्सच्या राजाने आपल्या रिफॉर्म्ड पाळकांना जाण्यास मनाई केल्यामुळे त्यांची आसने रिकामी ठेवण्यात आली. कामकाज लॅटिनमधून चाले, आणि परदेशी प्रतिनिधींच्या उपस्थितीत १५४ बैठका झाल्या.

सुरुवातीचे आठवडे रेमॉन्स्ट्रंटांची वाट पाहण्यात गेले, आणि त्या अवकाशात सभेने दोन दूरगामी विषय हाती घेतले. एक होता मूळ भाषांतून बायबलचे नवे डच भाषांतर करण्याचा, जे १६३७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डच गद्याचा पाया ठरले. दुसरा पूर्वेकडील बेटांत डच कुटुंबांच्या घरी वाढणाऱ्या अन्यधर्मीय मुलांच्या बाप्तिस्म्याचा होता. त्यांना धर्मशिक्षण मिळून समज येईपर्यंत बाप्तिस्मा देऊ नये, असे बहुमताने ठरले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेरा रेमॉन्स्ट्रंट पाळक लायडेनचा प्राध्यापक सिमोन एपिस्कोपियस याच्या नेतृत्वाखाली आले. ते सभेचे समान सदस्य म्हणून नव्हे, तर बोलावणे पाठवलेले प्रतिवादी म्हणून आले होते, आणि हीच त्यांची पहिली हरकत होती: ज्यांच्याशी वाद आहे तेच न्यायाधीश असतील तर न्याय कसा होणार? एपिस्कोपियसने प्रदीर्घ आणि प्रभावी भाषण केले. त्यानंतर कामकाजाच्या क्रमावरून महिनाभर झगडा चालला. रेमॉन्स्ट्रंटांना प्रथम विरोधकांच्या कठोर पूर्वनियुक्तीवर हल्ला करायचा होता, तर सभेला त्यांच्याच मतांची तपासणी करायची होती. अखेर १४ जानेवारी १६१९ रोजी बोगरमनने त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप करून संतप्त शब्दांत त्यांना बाहेर घालवले. काही परदेशी प्रतिनिधींनाही ही भाषा रुचली नाही. यानंतर सभेने रेमॉन्स्ट्रंटांची मते त्यांच्या लेखांवरूनच तपासली. प्रत्येक प्रतिनिधिमंडळाने पाचही कलमांवर लेखी अभिप्राय दिला आणि त्यांवरून मसुदा तयार झाला.

या मसुद्यात दिसणारा संयम लक्षात घेण्याजोगा आहे, कारण सभेच्या वर्तनात तो दिसला नाही. गोमारस सभेत उपस्थित असूनही त्याचे टोकाचे मत सभेने स्वीकारले नाही. देवाने निवडले ते पतित झालेल्या मानवजातीतून, अशी सौम्य शब्दरचना तिने केली. ख्रिस्ताच्या मरणाच्या व्याप्तीवर ब्रेमेनच्या आणि ब्रिटनच्या प्रतिनिधींचे इतरांशी तीव्र मतभेद झाले, आणि त्यांचाही परिणाम अंतिम मजकुरावर झाला. २३ एप्रिल १६१९ रोजी या निर्णयांवर सह्या झाल्या आणि ६ मे रोजी डॉर्ड्रेख्टच्या मोठ्या चर्चमध्ये ते जाहीरपणे वाचण्यात आले.

पाचवे प्रकरण

टिकून राहण्याविषयीचा निर्णय शेवटच्या प्रकरणात आहे. त्यात सिद्धांत मांडणारी पंधरा कलमे आणि चुकीच्या मतांचे खंडन करणारी नऊ कलमे आहेत. पुढच्या काळात या सिद्धांताचे सार 'एकदा तारले ते कायमचे तारले' अशा एका वाक्यात सांगण्याची रीत पडली. मूळ मजकूर वाचला तर त्याची मांडणी किती वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते हे ध्यानात येते.

प्रारंभ विश्वासणाऱ्याच्या दुबळेपणाने होतो. नवा जन्म मिळालेला माणूस पापाच्या गुलामगिरीतून सुटतो, पण या देहात असेपर्यंत पापाच्या उपद्रवातून सुटत नाही. त्याची उत्तम कृत्येही डागाळलेली असतात, आणि त्याला स्वतःच्या बळावर सोडले तर तो टिकणार नाही, हे आधी कबूल केले आहे. पुढे सभा याहून मोठी कबुली देते: खरे विश्वासणारे दक्ष राहिले नाहीत तर भयंकर पापांत पडू शकतात, आणि दावीद व पेत्र ही शास्त्रातील उदाहरणे त्याची साक्ष आहेत. अशा पतनाने ते देवाला दुखवतात, आपल्या सद्सद्विवेकाला जखमी करतात, विश्वासाचा व्यवहार खंडित करतात आणि काही काळ कृपेची जाणीवही गमावून बसतात. या वर्णनात कोणताही फाजील आत्मविश्वास नाही. मंडळीत वर्षानुवर्षे माणसे पाहिलेल्या पाळकांनी ते लिहिले आहे हे त्याच्या प्रत्येक ओळीवरून कळते.

येथे सभा आणि रेमॉन्स्ट्रंट यांच्या वाटा वेगळ्या होतात. दाविदाच्या पतनाची खोली दोघांनाही मान्य आहे. मतभेद आहे तो त्या क्षणी देव काय करतो याविषयी. सभेचे उत्तर असे की देव आपला आत्मा त्यांच्यापासून पूर्णपणे काढून घेत नाही, नव्या जन्माचे बीज त्यांच्यात नष्ट होऊ देत नाही, आणि वचनाने व आत्म्याने त्यांना पुन्हा खऱ्या पश्चात्तापाकडे आणतो. हे त्यांच्या गुणांमुळे घडत नाही. त्यांच्यावर सोपवले असते तर ते निःसंशय नष्ट झाले असते, पण देवाचा संकल्प बदलत नाही, ख्रिस्ताची मध्यस्थी व्यर्थ जात नाही आणि आत्म्याची मोहर पुसली जात नाही, म्हणून ते नष्ट होत नाहीत. पिता, पुत्र आणि आत्मा या तिघांच्या कार्यावर आधारलेल्या या युक्तिवादात माणसाच्या इच्छाशक्तीची स्तुती कोठेही नाही.

ट्रेंटच्या महासभेने नाकारलेली खात्री येथे मान्य केली आहे, पण तिचा उगम काळजीपूर्वक सांगितला आहे. ती शास्त्राबाहेरच्या खास प्रकटीकरणातून येत नाही. ती देवाच्या वचनांवरील विश्वासातून, आत्म्याच्या साक्षीतून आणि शुद्ध सद्सद्विवेक राखण्याच्या मनापासूनच्या धडपडीतून येते. शिवाय विश्वासणाऱ्यांना शंकांशी झुंजावे लागते आणि कठीण प्रसंगी ही खात्री नेहमी जाणवतेच असे नाही, हेही सभेने लिहून ठेवले. ज्याला खात्री वाटत नाही तो विश्वासणाराच नव्हे, असे म्हणण्याचा कठोरपणा तिने केला नाही.

आर्मिनियसने निष्काळजीपणाचा जो धोका दाखवला होता त्याला सभेने थेट उत्तर दिले. ही खात्री खरी असेल तर ती नम्रता, कृतज्ञता आणि सावधपणा वाढवते, असे तिचे म्हणणे आहे. शास्त्रातील कडक इशाऱ्यांचे स्थानही तिने निश्चित केले: देवाने जसे शुभवार्तेच्या प्रचाराने माणसात कृपेचे कार्य सुरू केले, तसेच वचनाचे श्रवण, वाचन आणि मनन, बोध, धमकी, आश्वासन आणि प्रभुभोजनासारखे विधी यांच्याद्वारे तो ते चालू ठेवतो. हाद्रुमेटमच्या मठाने जवळजवळ १२०० वर्षांपूर्वी विचारलेल्या शंकेला मिळालेले हे परिपूर्ण उत्तर होते. या दृष्टीने पाहता इब्री लोकांस पत्रातील इशारा हा आश्वासनाच्या विरोधात राहत नाही. देव ज्या मार्गाने आपल्या लोकांना धरून ठेवतो त्या मार्गाचाच तो भाग ठरतो.

निर्णयानंतर

निर्णय वाचून दाखवल्यानंतर आठवडाभरातच, १३ मे १६१९ रोजी, एकाहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नेफेल्टचा हेगच्या बिनेनहोफ या राजवाड्याच्या प्रांगणात शिरच्छेद करण्यात आला. त्याच्यावरचा आरोप राजकीय होता आणि शिक्षा धर्मसभेने दिलेली नव्हती, तरी सभेचा विजय आणि त्याचा मृत्यू एकाच सत्तांतराने घडवले होते. ग्रोशियसला लोवेस्टाइनच्या किल्ल्यात जन्मठेप झाली. पत्नी मारिया हिच्या धैर्यामुळे तो मार्च १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून निसटला आणि पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक संस्थापक म्हणून जगाला माहीत झाला.

सुमारे दोनशे रेमॉन्स्ट्रंट पाळकांना पदावरून काढण्यात आले. ज्यांनी यापुढे उपदेश करणार नाही असे लिहून देण्यास नकार दिला त्यांपैकी सुमारे ऐंशी जणांना हद्दपार व्हावे लागले. त्यांच्यापैकी काहींनी १६१९ मध्येच अँटवर्प येथे रेमॉन्स्ट्रंट बंधुसंघाची स्थापना केली. ज्या शहरातून १५८५ नंतर प्रॉटेस्टंट कुटुंबे विश्वासासाठी बाहेर पडली होती, त्याच स्पॅनिश अमलाखालील कॅथलिक शहरात आता प्रॉटेस्टंटांनीच घालवून दिलेल्या प्रॉटेस्टंटांना आसरा मिळाला. काही जण श्लेस्विगच्या ड्यूकने १६२१ मध्ये वसवलेल्या फ्रीड्रिखश्टाट या नव्या नगरात गेले. मागे राहिलेल्यांपैकी वार्मोंड या गावातील साध्या लोकांनी, पाळकच उरला नाही म्हणून, स्वतः एकत्र जमून शास्त्र वाचण्यास आणि प्रार्थना करण्यास प्रारंभ केला, आणि त्यातून 'कोलेजियंट' नावाची चळवळ उभी राहिली. दंड, तुरुंग आणि हद्दपारी सोसूनही या लोकांनी आपली उपासना सोडली नाही. १६२५ मध्ये मॉरिस मरण पावल्यावर सक्ती सैल झाली. एपिस्कोपियस परत आला, आणि १६३४ मध्ये ॲमस्टरडॅमला रेमॉन्स्ट्रंटांचे धर्मशिक्षणाचे विद्यालय सुरू झाले. तो बंधुसंघ आजही नेदरलँड्समध्ये आहे.

सिद्धांताचा पुढचा प्रवास

डॉर्टचे निर्णय फ्रान्समधील रिफॉर्म्ड मंडळ्यांनी १६२० मध्ये आलेस येथील सभेत स्वीकारले. इंग्लंडच्या चर्चने ते कधी अधिकृत केले नाहीत, परंतु १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाच्या सतराव्या प्रकरणात हाच सिद्धांत आला, आणि स्कॉटिश व अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी तो जगभर नेला. दुसऱ्या बाजूने अठराव्या शतकात जॉन वेस्लीने आर्मिनियसचा वारसा उघडपणे स्वीकारला. पवित्र जनांच्या टिकून राहण्यावर त्याने १७५१ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत खरा विश्वासणारा पतित होऊन नाश पावू शकतो असे प्रतिपादन आहे, आणि मेथडिस्ट परंपरेची तीच शिकवण झाली.

हे दोन्ही प्रवाह महाराष्ट्रातही पोहोचले. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेले अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या कॅल्विनवादी मंडळ्यांतून आले होते. १८२९ मध्ये आलेले डॉ. जॉन विल्सन स्कॉटलंडच्या चर्चचे होते. आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेले कार्य पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे गेले. १८७१ मध्ये विल्यम टेलर मुंबईत आल्यावर मेथडिस्ट मंडळीचीही येथे पायाभरणी झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्यांबरोबर ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेच्या मंडळ्याही त्यात सामील झाल्या. डॉर्टमध्ये एका छताखाली राहू न शकलेल्या दोन शिकवणींचे वारसदार एका प्रभुभोजनात सहभागी झाले, आणि त्यासाठी कोणालाही हद्दपार व्हावे लागले नाही.

या इतिहासाचा न्याय करताना सिद्धांत आणि सक्ती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि तो न्याय पाचव्या प्रकरणाच्याच मापाने करणे सर्वांत योग्य आहे. विश्वासणाऱ्यांना देव टिकवतो आणि त्यासाठी तो वचन, बोध आणि विधी यांचाच उपयोग करतो, असे ज्या सभेने लिहिले, तिने त्या साधनांच्या यादीत तुरुंग, दंड किंवा हद्दपारी यांचा समावेश केला नाही आणि करूही शकली नसती. म्हणून विरोधकांना गप्प करण्यासाठी राजसत्तेचा हात धरला गेला, तेव्हा सभेच्या पक्षाने रेमॉन्स्ट्रंटांवर अन्याय तर केलाच, पण स्वतःच्या शिकवणीवरही अविश्वास दाखवला. कारण मंडळीला अखेरपर्यंत राखणारा देव असेल, तर तिला राखण्यासाठी मॉरिसच्या शिपायांची गरज उरत नाही. आणि ज्यांना विश्वासभ्रष्ट ठरवून घालवले गेले ते पाळक व ती साधी माणसे हद्दपारीतही ख्रिस्ताला धरून राहिली, ही वस्तुस्थिती डॉर्टच्या सिद्धांताला खोटे ठरवत नाही. देवाची पकड कोणत्याही धर्मसभेच्या निवाड्यापेक्षा मोठी असते, हेच त्या सिद्धांताचे म्हणणे होते, आणि ते म्हणणे डॉर्टमध्ये जिंकलेल्यांइतकेच तेथे हरलेल्यांच्याही आयुष्याने खरे ठरवले.